टबात बसणे मना आहे

आमच्या माजरीत 'टब' म्हटलं की अंघोळ डोळ्यांसमोर येत नाही, कोळसा येतो. अंडरग्राउंड खाणीत रुळांवरून चालणारी लोखंडी पेटी, ती टब. लोडरनं भरायचा, ट्रामरनं ढकलायचा, हॉलेजच्या दोरानं वर ओढायचा. एका टबात साधारण एक टन कोळसा. मी ३१ वर्षं मायनिंग सरदार होतो. सरदार म्हटलं की पुण्याकडच्या पाहुण्यांना घोडा आठवतो. घोडा नव्हता. एक काठी होती आणि एक सेफ्टी लॅम्प. काठीनं छप्पर ठोकून पाहायचं. टणटण वाजलं तर गडी आत सोडायचे, ढबढब वाजलं तर सगळ्यांना मागे घ्यायचं. शिवाय टबात बसून कोणी फुकटचा प्रवास करत नाही ना, तेही पाहायचं. खाणीच्या कायद्यानं ते मना आहे. आमच्या एका ट्रामरला तसं करताना मी दोनदा पकडलं आणि दोन्ही वेळा रिपोर्ट केला. तो अजून त्या विषयावर माझ्याशी बोलतो. दुसऱ्या कुठल्याच विषयावर बोलत नाही.

तर टबांशी आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर पुन्हा टब शोधत नागपूरला जावं लागेल, हे कुंडलीत कोणी वाचलं नव्हतं.

निमित्त गुडघ्यांचं. डॉक्टरनं गरम पाण्याचा शेक सांगितला. ही बातमी टोरांटोतल्या मुलापर्यंत गेली आणि तिथून फोटो आला. घरामागच्या लाकडी ओट्यावर मोठा टब, चारी बाजूंना बर्फ, पाण्यातून वाफा, आणि मध्ये आमचे चिरंजीव डोक्यावर लोकरीची टोपी घालून मानेपर्यंत बुडालेले. "बाबा, बाहेर उणे १५ आहे आणि पाणी ३८. गुडघ्याला एकदम भारी. तुम्ही पण घेऊन टाका, पैसे मी पाठवतो."

हिनं फोटो चष्मा लावून पाहिला. "त्याले सांगा न जी, बापाले शिजवाचं असन तर कुकर हाय म्हना घरी."

तिचं खोटं नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्याची दोनच गोष्टींसाठी देशभर बातमी होते, वाघ आणि पारा. मे महिन्यात ४५ झाला तर आम्ही 'आज बरं आहे' म्हणतो. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, रोहिणी नक्षत्राचे नऊ दिवस. त्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर फक्त कोळशाचे ट्रक आणि मध्य प्रदेशातून आलेले कुल्फीवाले दिसतात. गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्समधलं पाणी असं तापतं, की नळाखाली हात धरून माणूस तोंडातून शब्द काढतो आणि शेजारची मुलं तो शिकतात. उन्हाळ्यात अंघोळीचं पाणी रात्रीच बादल्यांत भरून 'निववत' ठेवावं लागतं. गिझर आमच्याकडे हिवाळ्यातला पाहुणा. उन्हाळ्यात त्याचं बटण जरी दिसलं तरी राग येतो.

पण मी पडलो शिस्तीचा माणूस. खाणीत अंघोळीलासुद्धा कायदा असतो, १९५९ चे पिटहेड बाथचे नियमच आहेत; पाळीवरून वर आलेल्या माणसाला तोंडाशीच अंघोळीची सोय पाहिजे. अशा खात्यातून आलेला माणूस टबासारखी गोष्ट ऐकीव माहितीवर सोडत नाही. मी वाचायला बसलो.

आणि चकित झालो. ज्याला सगळे जकुझी म्हणतात ते आडनाव निघालं. इटलीच्या उत्तरेकडून कॅलिफोर्नियाला गेलेले सात भाऊ. आधी विमानांचे पंखे केले, मग शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी पंप. त्यातल्या कँडिडो या भावाच्या लहान मुलाला, केनेथला, संधिवात जडला. इस्पितळात पाण्याच्या धारांचे उपचार मिळायचे, पण रोज कुठे न्यायचं? मग घरातल्या टबातच सोडता येईल असा छोटा पंप त्यांनी बनवला आणि १९५६ मध्ये तो विकायलाही काढला. धारा टबाच्या भिंतीतच बसवायची युक्ती पुढच्या पिढीतल्या रॉय जकुझीची, १९६८ ची. म्हणजे ज्या वस्तूच्या जाहिरातीत हातात प्याले घेतलेली जोडपी असतात, तिच्या मुळाशी एका पोराचे दुखरे सांधे आणि एक विहिरीचा पंपवाला बाप आहे. ते वाचून मला धीर आला. पंपवाले आपल्याकडेही आहेत.

दुसरी गोष्ट वाचली ती मात्र मेंदूत अडकली. टबाच्या पाण्याची कमाल मर्यादा ४० अंश. त्यावर गेलं तर माणसाला चक्कर येऊ शकते, म्हणून अमेरिकेतले टब ४० लाच थांबतात. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं: टब ३८. माजरी ४६. म्हणजे मे महिन्यात आमच्या आवारातली सगळ्यात थंड जागा हॉट टब असणार! टोरांटोत माणूस ऊब घ्यायला टबात शिरतो, माजरीत त्याच टबात तो गारव्याला शिरेल. पण पाणी ३८ वर राहील कसं? बाहेर ४६ असताना ते ३८ वर धरायचं तर तापवायचं नाही, निववायचं. मग मी एकच प्रश्न पाठ केला, आणि तो प्रत्येक विक्रेत्याला विचारायचं ठरवलं: "मे महिन्यात हा टब थंड कसा करायचा?"

पहिला विक्रेता नागपूरला, वर्धा रोडवर. काचेची शोरूम, आत एसी इतका की गुडघे दारातच बोलायला लागले. मधोमध टब. त्यात पाणी नव्हतं, कृत्रिम फुलं होती. भिंतीवर पोस्टर: बर्फाचे डोंगर, टब, सगळ्यांचे दात. पोरगा टाय लावलेला. "सर, ये फोर सीटर है. बत्तीस जेट्स. बैठ के देखिए ना." बूट काढून, पँट सावरून मी कोरड्या टबात बसलो. समोर ही बसली. बत्तीस बिळांकडे पाठ करून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो, जत्रेतल्या पाळण्यात बसून पाळणा सुरू व्हायची वाट पाहावी तसे.

सवयीनं मी काठीनं टब ठोकला. ढबढब.

"सर, ॲक्रिलिक आहे. आत इन्सुलेशनचा फोम."

"ढबढब वाजलं की आम्ही माणसं बाहेर काढतो," मी म्हटलं. तो हसला. तो ज्याअर्थी हसला त्याअर्थी त्यानं खाण पाहिलेली नव्हती.

किंमत साडेसहा लाख. प्लंबिंग वेगळं, थ्री फेज कनेक्शन वेगळं, झाकण वेगळं. साडेसहा लाखांत झाकण नाही! आमच्याकडे लोणच्याच्या बरणीलाही झाकण सोबत येतं. ठेवायचा कुठे, तर गच्चीवर. "व्ह्यू मिलेगा सर." आमच्या गच्चीवरून ओबीचा डोंगर दिसतो, म्हणजे कोळशावरची माती काढून रचलेला ढीग. त्यावर संध्याकाळी डंपर वरखाली करतात, दिवे लावून. सुंदर दिसतं, नाही असं नाही. पण त्यासाठी पाण्यात कशाला बसावं लागतं?

मग मी पाठ केलेला प्रश्न टाकला. पोरगा थांबला. आत गेला. मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, "सर, उसके लिए चिलर आता है. एक लाख अस्सी." म्हणजे गरम करायच्या यंत्राचे साडेसहा, आणि ते गरम न व्हावं म्हणून वर एक ऐंशी. निघताना त्यानं प्लॅस्टिकचं पिवळं बदक दिलं, पोटात थर्मामीटर असलेलं, पाण्यावर तरंगणारं. फुकट. हिनं ते लगेच पर्समध्ये टाकलं.

दुसरा विक्रेता फोनवरचा, पुण्याचा. अतिशय गोड बोलणं. "माजरी? अहो वा, मांजरी! हडपसरच्या पुढचीच ना? डिलिव्हरी फ्री, सर. उद्याच माणूस पाठवतो." त्या दोन मिनिटांत काय काय फुकट मिळालं! डिलिव्हरी, बसवणं, पहिल्या वर्षाची सर्व्हिस, पाण्याचं रसायन. मग मी अनुस्वार काढला. "मांजरी नाही हो, माजरी. माजरी जंक्शन. भद्रावती तालुका, जिल्हा चंद्रपूर." पलीकडे शांतता. एका अनुस्वारापायी मी दोन-अडीचशे कोस लांब गेलो होतो. "गडचिरोली साइड का, सर?" नाही, म्हटलं. "वाघ वगैरे असतात ना तिकडे?" असतात. "मग आमची मुलं नागपूरपर्यंत येतील, सर. तिथून तुम्ही न्या."

वाघाचं नाव निघालं म्हणून सांगतो. टबाच्या विषयात आमच्या जिल्ह्यात खरा जाणकार तोच. उन्हाळ्यात ताडोबातला वाघ पाणवठ्यात शिरतो तो उलटा. आधी शेपूट, मग मागचा भाग, मग पोटापर्यंत, आणि तोंड बाहेर, रस्त्याकडे. वन विभागानं पाणवठे बांधले, सौरपंप बसवले, आणि त्या टबात बसलेल्या जनावराला पाहायला लोक जिप्सीचे हजारो रुपये मोजून ४५ अंशात टोपीवर रुमाल बांधून ताटकळतात. टबात आहे तो वाघ, उन्हात आहे तो गिऱ्हाईक. यावर आणखी काय बोलायचं?

पुण्याच्या माणसालाही मी प्रश्न विचारला. त्याचं उत्तर जास्त अभ्यासू होतं. "सर, आधी तुमच्या पाण्याचा टीडीएस सांगा." बोअरचं पाणी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, हार्ड वॉटरनं हीटरवर थर चढला तर वॉरंटी नाही. हे मात्र त्यानं खरं सांगितलं. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी असं आहे की गिझरची कॉइल दोन हिवाळ्यांत पांढऱ्या पोवळ्यासारखी होते. प्लंबर ती काढतो तेव्हा वाटतं समुद्रातून काढली. "सॉफ्टनर बसवा, सर." तो किती? त्यानं सांगितलं. मी शेलला १० वर्षं, पंपाला २, हीटरला १ अशी वॉरंटी कॅलेंडरवर लिहिली आणि पाण्यापुढे शून्य.

मध्येच एक हिशेबही केला. १,२०० लिटर पाणी, डिसेंबरातलं, २० अंशांचं. ते ३८ वर न्यायचं तर साधारण २५ युनिट वीज. तीन किलोवॉटचा हीटर असेल तर आठ तासांहून जास्त लागणार. म्हणजे संध्याकाळी गुडघे भिजवायचे असतील तर सकाळी नऊलाच बटण दाबायचं आणि मध्ये लाइन जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. ज्या जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे आणि त्याच्यासाठी आम्ही जन्मभर कोळसा काढला, तिथं लाइन जावी हे बरोबर नाही, पण जाते. दिव्याखाली अंधार ही म्हण कोणी काढली ते माहीत नाही. माझा संशय चंद्रपूरवर आहे.

एका जाणकारानं मध्येच उनकेश्वर सुचवलं. नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या भागात, पैनगंगेकडे. तिथं जमिनीतूनच गरम पाणी येतं. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामानं बाण मारून झरा काढला असं सांगतात. माजरीहून वणी, पिंपळखुटी, आदिलाबाद, किनवट असा रेल्वेचा फाटा तिकडेच जातो, म्हणून वाटलं करावी वारी. वीज नको, पंप नको, वॉरंटी त्रेतायुगापासून. पण रोजच्या गुडघ्यासाठी रोज आदिलाबाद ओलांडणं जमणारं नव्हतं. होम डिलिव्हरी नाही, एवढा एकच दोष.

शेवटी भद्रावतीचा कूलरवाला. आमच्या भागात उन्हाळ्याचा खरा दुकानदार तोच. फाल्गुन संपला की त्याच्या दारात लोखंडी कूलरांच्या रांगा लागतात, गल्लीभर वाळ्याच्या ताट्यांचा वास, आणि तो स्वतः पंपाची वायर दातांनी सोलत उकिडवा बसलेला. त्याच्याकडे मी टबाचं विचारायला गेलोच नव्हतो, कूलरची मोटर दुरुस्तीला नेली होती. पण विषय निघाला.

"साडेसा लाख?" त्यानं दातातली वायर काढली. "पैसे लय वर आले का काकाजी?"

मी त्याला सगळं समजावलं. जेट्स, ब्लोअर, हीटर, चिलर. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे कूलरच न जी. कूलर हवेत पानी सोडते, हा पानीत हवा सोडते. पलटी मारला फक्त."

मला वाटतं, जकुझीच्या भावांनी हे वाक्य ऐकलं असतं तर त्याला तिथंच भागीदार करून घेतलं असतं.

"आता सांग," मी म्हटलं, "मेमध्ये तो थंड कसा करायचा?"

"थंडा कायले करता?" तो म्हणाला. "सकाऊन सिंटेक्समधून भरा. गरमच येते. सांजपावतर वारा लागून आपोआप उतरते. सटर नाई, फटर नाई." मग माझ्या काठीकडे पाहत त्यानं विचारलं, "अन ठेवता कुठं? गच्चीवर? पानीच बाराशे किलो, टबाचं वजन, तुमी दोघं, अन पोरगा आला तं तो. स्लॅब कोनी भरला होता?" त्यानं आमच्या स्लॅबचा इतिहास काढला. तो भरला त्या वर्षी सिमेंट महाग होतं हे त्याच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. घराच्या गच्चीवर चौरस मीटरला दीडदोनशे किलोच्या हिशेबानं वजन धरतात. टब भरला की चारशेच्या वर जाणार. त्यात रोज दुपारी खाणीचं ब्लास्टिंग, भांडी मांडणीवर नाचतात. हे नागपुरात कोणी विचारलं नव्हतं, पुण्यात कोणी विचारलं नव्हतं.

"मंग असं करा," तो म्हणाला आणि मला मागच्या आवारात घेऊन गेला.

तिथं भंगाराच्या ढिगात, लिलावातून उचललेल्या पत्र्यांमध्ये, तो उभा होता. चाकं काढलेला, एका कोपऱ्यात पोचा पडलेला, कड घासून चमकलेली. टब. आमचा टब. एक टनाचा.

मी काठीनं ठोकला. टणटण.

"याचा जॉइंट पाहिला," तो म्हणत होता, "दोन जागी वेल्डिंग मारतो, आतून रंग मारतो, खाली नळ देतो. कूलरचा पंप बसवतो बुडबुड्यासाठी, पन लाइन चालू असतानी तुमी आत बसाचं नाई, आधी सांगून ठेवतो." तो पंप मी त्याच क्षणी रद्द केला. ३१ वर्षं एकही माणूस न गमावता पाळी वर आणली होती. ती कीर्ती कूलरच्या पंपापायी घालवायची नव्हती. बाकी सौदा चार हजार दोनशेत तुटला, टेम्पोसह. झाकणाला एक पत्रा त्यानं फुकट दिला.

चार दिवसांनी टेम्पो आला. आवारात कडुलिंबाखाली ठेवायचा असं हिचं म्हणणं, उन्हात ठेवायचा असं माझं. शेवटी अर्धा सावलीत, अर्धा उन्हात. दुपारी नुसत्या लोखंडाला हात लावला तर फोड येईल म्हणून कडेवर ओलं पोतं टाकलं. सिंटेक्सची नळी सोडली. पाणी वाफाळत आलं. हिनं पर्समधून बदक काढून पाण्यात सोडलं. बदक एकदम ४३ वर गेलं, मग हळूहळू खाली यायला लागलं. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बदकाकडे पाहत बसलो. एक्केचाळीस. चाळीस. दूध उतू जायची वाट पाहतात तशी आम्ही पाणी निवायची पाहत होतो.

साडेतीनला ३८ झालं. मी लुंगी खोचली आणि वाघासारखा, पाठमोरा, आत गेलो. पाय दुमडून बसावं लागलं, पण गुडघे बुडाले. बाहेर ४५, आत ३८. गुडघ्यांना काय वाटलं ते सांगता येत नाही, पण बऱ्याच वर्षांनी ते गप्प बसले.

हिनं टोरांटोला व्हिडिओ लावला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते. चिरंजीव ऑफिसआधी त्यांच्या टबात, कॉफीचा मग घेऊन. दोघं बापलेक मानेपर्यंत पाण्यात, एकमेकांसमोर.

"बाबा, भारी! कुठल्या कंपनीचा?"

"कोल इंडिया," मी म्हटलं.

"टेम्परेचर किती?"

मी बदक उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यानंही त्याच्या टबाचा आकडा दाखवला. ३८ आणि ३८. त्याच्या विजेचं बिल विचारावं असं मनात आलं, पण पोरगं एकुलतं एक.

इतक्यात ब्लास्ट झाला. आधी जमीन हलली, मग खिडक्या वाजल्या, मग टबाच्या तळापासून पाणी थरथरत वर आलं आणि सगळीकडून बारीक लाटा माझ्या पाठीवर येऊन आपटल्या. बदक तीन वेळा उडालं. "बाबा, जेट्स पण आहेत?" तिकडून आवाज आला.

मी उत्तर देणार तोच कंपाउंडच्या भिंतीवर एक टक्कल वर आलं. मग दोन डोळे. मग मिशा. आमचा जुना ट्रामर. ब्लास्टच्या आवाजानं बाहेर आला असावा. तो टबाकडे पाहत राहिला, त्याच्या पोच्याकडे, घासलेल्या कडेकडे. मग माझ्याकडे. निवृत्त होऊन आम्हाला दोघांनाही सात वर्षं झाली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमललं ते मी आयुष्यात एखाद्याच माणसाच्या तोंडावर पाहिलंय.

"सरदार," तो म्हणाला, "टबात बसनं मना हाय न जी?"